बंद घराचं मीटर

ताप तीनच दिवस होता.
चौथ्या दिवशी सुदामानगरात
नव्वद घरांचे आकडे घेतले,
पाचव्या दिवशी एकशे दहा.
अंग जड होतं, पण सप्टेंबरात कुणाचं नसतं?
कैलाश म्हणाला, भिया, वायरल है, निकल जाएगा.
आणि तो गेलाच.
त्याच्याविषयी माझी तक्रार नाही.

तिसऱ्या आठवड्यात लोकमान्यनगरच्या एका जिन्यात,
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर,
मी कठडा धरून उभा राहिलो.
वरून उतरणाऱ्या बाई म्हणाल्या,
अहो, मीटर खाली आहे, वर कशाला चढलात?
उत्तर साधं होतं.
तेवढाही श्वास नव्हता.

भंडारी मॅडमनी पडदा माझ्याकडे वळवला.
राखाडी, ओलसर काहीतरी,
मिटता मिटता राहून जाणारी मूठ.
स्नायूला सूज आहे, म्हणाल्या,
विषाणू गेलाय, सूज मागे राहिलीय.
तेहतीस टक्के.
आमच्या एमपी बोर्डात तेहतीसला पास करतात, मी म्हणालो.
मॅडम हसल्या.
वैजयंती हसली नाही.

सहा महिने जिना नाही, सिलिंडर नाही,
स्कूटरला किक नाही.
मीठ मोजून, म्हणजे शेव नाही,
पोह्यांवर जिरावण नाही.
इंदुरात राहून हे ज्याला सांगावं लागतं
त्यालाच विचारा.

भेटायला येतात ते म्हणतात,
दिसता तर एकदम फस्क्लास!
मीही आरशात पाहतो. खरंच दिसतो.
प्लास्टर असतं तर बरं झालं असतं,
पोरांनी त्यावर नावं तरी लिहिली असती.

एकवीस वर्षांत मी अशी घरं पाहिलीत:
माणसं गावाला गेलेली,
दाराला कुलूप, आत एक दिवा नाही,
आणि बाहेर मीटरचा लाल ठिपका
लुकलुकतोच आहे.
मालक परतल्यावर भांडतात,
आम्ही नव्हतोच, तर बिल कसलं?
मी सांगायचो, भिंतीच्या आत कुठेतरी गळती असेल,
मिस्त्रीला दाखवा.
किती सहज सांगायचो.
पावती फाडून पुढच्या दाराकडे वळायचो.

आता माझं रीडिंग वैजयंती घेते.
सकाळी उठल्या उठल्या वजनकाट्यावर उभं करते,
पायाच्या घोट्याशी अंगठा दाबून
खळगा किती वेळ राहतो ते बघते,
आणि माझ्याच जुन्या वहीत लिहिते.
रकाने छापलेलेच आहेत:
मागील. चालू. फरक.
रात्री मी डाव्या कुशीवर वळलो
की अंधारात तिचा हात येतो, पाठीवर,
क्षणभर थांबतो.
मी झोपल्याचं सोंग घेतो.
मीटरने बोलायचं नसतं.

जानेवारीत अठ्ठेचाळीस.
सेकंड डिव्हिजन, मॅडम स्वतःच म्हणाल्या.
मी विचारलं, शंभर कधी होणार?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
शंभर कुणाचंच नसतं, काका.
माझंही साठच असेल.
भरलेलं सगळं कुठलंच हृदय बाहेर टाकत नाही,
दर ठोक्याला काहीतरी आत ठेवूनच मिटतं.

रिक्षात मी हे वैजयंतीला पुन्हा सांगितलं.
ऐकलं मी, तिथेच होते, ती म्हणाली,
आणि रामबागेपर्यंत बाहेर बघत राहिली.

आज कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली
तेव्हा सुक्या कचऱ्याचा डबा मी उचलला.
हलका असतो तो. कागद, पाकिटं,
गोळ्यांची रिकामी पानं.
खाली चौदा पायऱ्या.
ती वर उभी राहून मोजत होती,
मला ऐकू येत होतं.
नवव्या पायरीवर थांबलो.
थांबायची गरज होती की सवय, माहीत नाही.
खालून पोरगा ओरडला, आराम से, अंकल, गाड़ी खड़ी है.

वर आलो तेव्हा वही उघडी होती,
'चालू'च्या रकान्यात आजची तारीख,
आणि तिच्या हातात पेन.